दोन हजार फ्रँकांचा देशभक्त

१९८३ सालच्या मार्चमध्ये सरकारनं जाहीर केलं की यापुढे कुणाही फ्रेंच माणसाला परदेशात मौजमजा करायला वर्षाला दोन हजार फ्रँकांच्या वर पैसे नेता येणार नाहीत. देशाची तिजोरी आटली होती, आणि ती लोकांच्या सुट्ट्या पिळून भरायची असं वरच्या हुशार मंडळींनी ठरवलं होतं. सारा देश बोंबलत सुटला. पॅरिसात प्रवास कंपन्यांनी मोर्चे काढले. आमच्या ओरियाकमध्ये डॉक्टरांच्या बायकोला बातमी ऐकून चक्कर आली म्हणतात. ती बाली बेटावर जायची होती. आणि त्याच संध्याकाळी छत्र्यांचा दुकानदार आर्मां रूव्हिएर रेडिओ बंद करून तळघरात उतरला आणि ठेवणीतली वाइनची बाटली घेऊन वर आला.

"जिनेत, पेले काढ."

"कोण मेलं?" त्याच्या बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं. त्या घरात चांगली बाटली फक्त मयताला उघडत, तीही पाहुण्यांनी दोनदा आठवण केली तर.

"कुणी मेलं नाही. नेपल्स रद्द झालं," आर्मां म्हणाला. चेहरा पाडायचा त्यानं मनापासून प्रयत्न केला, पण तो काही केल्या पडेना.

नेपल्सचं प्रकरण त्यांच्या लग्नाइतकंच जुनं होतं. जिनेत सोळाव्या वर्षी छत्र्यांच्या कारखान्यात लागली, तेव्हा भारी छत्र्यांचे दांडे नेपल्सहून खोक्यांत भरून यायचे, तिथल्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले. दांडे मोकळे करायचं काम तिचं. ते कागद ती सरळ करून घरी न्यायची. भाषा कळत नसे, पण चित्रं कळत: समुद्र, बोटी, धुराचा डोंगर, खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे. आर्मांनं मागणी घातली तेव्हा लग्नानंतर नेपल्सला न्यायचं त्यानं कबूल केलं. माणूस अशा वेळी बरंच काही कबूल करतो.

१९५७च्या सप्टेंबरात लग्न झालं आणि दोघं मधुचंद्राला निघाली, ती मांतोंपर्यंत पोचली. मांतों म्हणजे फ्रान्सचं शेवटचं गाव, पलीकडे इटली. तिथे आर्मांची मावशी राहायची आणि झोपायला फुकट जागा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं हातात हात घालून सरहद्दीपाशी गेली. तिथे पैसे बदलून द्यायची खिडकी होती, आणि खिडकीवर पाटी होती. सरकारनं नुकतीच फ्रँकची किंमत पाडली होती. आर्मांनं पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि बायकोचा हात सोडला.

"हा काय भाव आहे?" तो खिडकीतल्या माणसाला म्हणाला.

"आजचा आहे, मस्यू."

"मग आम्ही उद्या येऊ."

दुसऱ्या दिवशीही भाव तोच होता. चार दिवस मावशीकडे कोबीचं सूप पिऊन नवरा-बायको ओरियाकला परतली. जिनेतनं इटली पाहिली नाही असं मात्र कुणी म्हणू नये; खिडकीच्या मागून दिसत होती तेवढी पाहिली.

तेव्हापासून दरवर्षी वसंत लागला की जिनेत विचारायची आणि दरवर्षी आर्मांकडे सबळ कारण असायचं. पुढच्याच वर्षी फ्रँक पुन्हा पडला. मग नवे फ्रँक आले, जुन्याचे शंभर म्हणजे नव्याचा एक. हिशेब अंगवळणी पडेपर्यंत परदेशी जाणं म्हणजे फसायला जाणं, असं आर्मां म्हणाला. अंगवळणी पडायला त्याला सहा वर्षं लागली. अडुसष्ट साली दंगे झाले, संप झाले, आणि पैसे बाहेर न्यायला बंदी आली. त्या वर्षी तर त्याला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. पुढे तेल महागलं, लिरा घसरला ("घसरणाऱ्या पैशाच्या देशात कोण शहाणा जातो?"), मग फ्रँक घसरला ("घसरणारा पैसा घेऊन कोण शहाणा जातो?"). उजवे गेले, डावे आले. मंत्री बदलले, धोरणं बदलली, पण आर्मां रूव्हिएरची बाजू एकाही सरकारनं कधी सोडली नाही.

तसा माणूस वाईट नव्हता. बायकोवर कधी हात उगारला नाही, दारू बेताची, बाहेरख्याली नाही. बाहेरख्याली खर्चिक असते. दुकान चोख होतं. ओरियाकची छत्री साऱ्या फ्रान्सात नावाजलेली, आणि रूव्हिएरची छत्री ओरियाकात. फक्त मूठ उघडायची वेळ आली की त्याच्या बोटांना संधिवात व्हायचा.

त्या वसंतात मात्र त्याची कळी खुलली. न्यायालयासमोरच्या कॅफेत सारा गाव अर्थमंत्र्यांच्या नावानं खडे फोडत असताना एकटा आर्मां मंत्र्यांची बाजू घेऊन बसायचा. त्याच्या समोर असायचा नोटरी बोनाल. जमिनी, मृत्युपत्रं, लग्नाचे करार करून गब्बर झालेला गडी. गावात त्याला सगळे 'मेत्र' म्हणत, नोटरीला म्हणायची रीत आहे तसं. हा बोनाल चौदा वर्षं दर जुलैत इस्किया बेटावरच्या एका हॉटेलात गच्चीची खोली घेऊन महिनाभर पडायचा. बायकोचे गुडघे तिथल्या गरम चिखलानं बरे होतात असं तो सांगे. चौदा वर्षांत ते झाले नव्हते.

"दोन हजारांत माझी आठवड्याची न्याहारी होत नाही!" बोनाल टेबलावर थाप मारून म्हणाला. "आणि क्रेडिट कार्डसुद्धा वापरायचं नाही म्हणे. आम्ही काय शाळकरी पोरं आहोत?"

"देश अडचणीत असताना माणसानं घरी बसावं, मेत्र," आर्मां शांतपणे म्हणाला. "मी तर पंचवीस वर्षं बसतोय."

"मग तुम्हाला पदक द्यायला हवं."

"नको. पदक बाहेरून मागवत असतील तर उगाच चलन जायचं."

कॅफेत हशा पिकला. आर्मांनं आपल्या अर्ध्या कपाचे पैसे मोजून ठेवले, बक्षिसी न ठेवता, आणि देशाला हातभार लावल्याच्या समाधानात घरी गेला.

घरी जेवणाच्या टेबलावर, चीजच्या ताटलीशेजारी, एक कोरी करकरीत पुस्तिका पडली होती.

"हे काय?"

"बँकेतून आणली," जिनेत म्हणाली. "परदेशी पैसे घेतले की यात शिक्का मारतात. प्रत्येक सज्ञान माणसाला एक मिळते."

"तुला कशाला?"

"मी सज्ञान आहे. बँकेतल्या मुलीनं ओळखपत्र बघून सांगितलं."

"अगं, पण आपलं जायचं रद्द झालंय ना?"

"तुझं झालंय. सरकारनं माझं वेगळं काढलंय. बघ ना, नाव माझं आहे. माझ्या नावावर दोन हजार."

आर्मांला हसू आलं. "बये, ते दोन हजार सरकार देत नाही. ते आपण न्यायचे असतात."

"आहेत माझ्याकडे."

हसू जागीच विरलं. दुकानाच्या मागच्या खोलीत जिनेत छत्र्या दुरुस्त करायची. मोडकी काडी बदल, दांडा चिकटव, कापड शिव. दुरुस्तीचे पैसे मागणं आर्मांला आपल्या नावलौकिकाला शोभत नसे, म्हणून ती चिल्लर त्यानं उदार मनानं बायकोला सोडून दिली होती, फुलाबिलांसाठी. त्या घरात फुलं कधी दिसली नाहीत, ही गोष्ट सव्वीस वर्षांत त्याच्या ध्यानात आली नव्हती.

"दोन हजार? दुरुस्तीचे?"

"जास्तच आहेत. ओरियाकात पाऊस पडतो, आर्मां."

गंमत बघा. जी रक्कम ऐकून अख्ख्या देशाला अपमान वाटला, ती ऐकून जिनेतला वाटलं की आपण श्रीमंत झालो. स्वतःवर किती खर्च करायचा हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं; विचारलं की 'कशाला हवेत?' एवढंच ऐकू यायचं. आता खुद्द सरकार छापून देत होतं: दोन हजार. ती जुलैत जायचं ठरवून मोकळी झाली, एकटी. आर्मांनं आधी समजावलं, मग फुरंगटला, मग इटलीतल्या चोरांच्या गोष्टी सांगितल्या. ती गोष्टी ऐकत छत्रीला कापड शिवत राहिली.

अशात एका दुपारी बोनाल दुकानात आला. आजवर त्यानं तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. छत्र्या तो पॅरिसहून आणायचा. त्यानं उगाच दोन-तीन छत्र्या उघडून मिटल्या.

"रूव्हिएर, तुम्ही यंदाही घरीच ना?"

"देशासाठी, मेत्र."

"म्हणजे तुमचे दोन हजार असेच वाया जाणार."

आर्मांचे कान टवकारले. वाया जाणं हा शब्द त्याला कुठल्याही संदर्भात सहन होत नसे.

बोनालनं आवाज उतरवला. इस्कियाची खोली ठरलेली होती, आगाऊ रक्कम देऊन झाली होती, पण त्याच्या आणि बायकोच्या मिळून चार हजारांत महिना निघत नव्हता. आर्मांनं आणि मादाम रूव्हिएरनी आपापल्या नावावर लिरा घ्यायचे, पैसे बोनालचे. ते घेऊन नेपल्सला यायचं आणि तिथे त्याच्या हाती द्यायचे. आगगाडीची तिकिटं इथे फ्रँकमध्येच काढतात, ती सरकार मोजत नाही; दोघांची तिकिटं बोनाल काढणार. वर प्रत्येक पुस्तिकेमागे तीनशे फ्रँक.

"हे कायद्यात बसतं का?" आर्मांनं विचारलं, कारण तो देशभक्त होता.

"तुम्ही नेणार ते तुमच्या नावाचे. ते तिथे जाऊन हरवले, दान केले, मित्राला दिले, कोण विचारतं?"

आर्मांनं विचार केला. घरबसल्या नाही, पण गाडीत बसल्या सहाशे. शिवाय बायको एकटी जाण्यापेक्षा दोघांत खोली स्वस्त पडते. शिवाय पंचवीस वर्षांचं तुणतुणं एकदाचं बंद. ज्या नियमानं त्याला घरी बसायचा मान दिला होता, तोच नियम आता न वापरलेल्या हक्काला भाव देत होता. भाव आलेला माल दुकानदारानं पडू द्यायचा नसतो.

"तिकिटं दुसऱ्या वर्गाची चालतील," तो म्हणाला, "पण फरक रोख द्या."

बोनालनं चार हजार आणि वरचे सहाशे मोजून दिले आणि नाइलाजानं एक छत्रीही घेतली.

त्या संध्याकाळी आर्मांनं जाहीर केलं, "जिनेत, मी तुला नेपल्सला नेतोय."

जिनेतनं उठून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग ती स्वयंपाकघरात गेली. बाहेर आली तेव्हा तिनं त्याच्या ताटात सॉसेजचा मोठा तुकडा वाढला. आर्मांला क्षणभर कसंसंच झालं, पण सॉसेज चांगलं होतं.

"तुझी पुस्तिका माझ्याकडे दे. दोन्ही एकत्र सांभाळतो."

"माझी मी सांभाळते."

इथे पहिली गाठ बसली. जिनेत दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन आपल्या पैशांचे लिरा घेऊन आलीसुद्धा, पुस्तिकेवर शिक्का मारून. म्हणजे बोनालच्या अर्ध्या पैशांना वाटच उरली नाही. आर्मांनं स्वतःच्या नावावरचे दोन हजार बदलून घेतले आणि उरलेले दोन हजार दुकानाच्या खणात रेशमी कापडाखाली ठेवले. प्रवास लांबचा होता. तेवढ्यात बायकोची समजूत काढून तिचे लिरा घ्यायचे आणि परतल्यावर खणातले तिला द्यायचे, असा त्याचा बेत होता. बोनालला काही कळवलं नाही. कळवलं असतं तर तीनशे परत करावे लागले असते.

खर्चायला म्हणून थोड्याफार फ्रेंच नोटाही बरोबर नेता येत होत्या. पण पैसा फिरायला निघाला की खर्च होतो असा आर्मांचा अनुभव, म्हणजे ऐकीव अनुभव होता. त्यानं एका कॉफीपुरते घेतले. बाकी शिदोरी घरची: तीन सुकी सॉसेजं, पाव आणि कांतालच्या चीजचा मांडीएवढा तुकडा.

मांतोंला गाडीत जकात अधिकारी चढले. समोरच्या बाकावरचा लिओंचा एक गुबगुबीत गृहस्थ त्यांना पाहून घामाघूम झाला. अधिकाऱ्यानं त्याच्या टोपलीतलं गोल चीज उचललं, हातात तोललं, सुरी मागितली. आत नोटांची गुंडाळी निघाली. "फार पिकलंय," अधिकारी म्हणाला आणि गृहस्थाला टोपलीसकट खाली उतरवलं.

आर्मांनं न मागता आपली पुस्तिका पुढे केली. "सगळं नियमात आहे. मी या धोरणाच्या पहिल्यापासून बाजूचा आहे."

"असं म्हणणारे तुम्ही पहिलेच," अधिकारी म्हणाला, आणि त्याला संशय येऊन त्यानं आर्मांचं चीज तीन ठिकाणी भोसकलं. "प्रवासाचं कारण?"

"मौज," जिनेत म्हणाली.

आर्मांनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं गुन्हा कबूल केला.

नेपल्सला दोघं पोचली तेव्हा उन्हानं डांबर मऊ झालं होतं. स्टेशनाजवळ एका जाड्या विधवेची खानावळवजा खोल्यांची जागा होती, तिथे जिनेतनं खोली घेतली. खोलीचे पैसे तिनं स्वतः मोजले, चावी स्वतः घेतली. खाली उतरून एका टपरीवर ती जेवायला बसली आणि शिंपल्या घातलेल्या शेवया मागवल्या. आर्मां समोर बसला.

"तू काय घेतोस?"

"पोट बरं नाही."

सॉसेजं आणि पाव गाडीतच संपले होते, आणि त्याच्या पोटात कावळे ओरडत होते. पण करणार काय? कमरेच्या पट्ट्यात लिरांची जाडजूड थप्पी होती, आणि तिच्यातला एकही लिरा त्याचा नव्हता. स्वतःचा हक्क तर त्यानं विकून टाकला होता. चार लाख लिरा बांधून आर्मां रूव्हिएर नेपल्समध्ये कफल्लक होता. रात्रीपर्यंत चीजला घाम फुटला, दुसऱ्या दिवशी त्याला वास आला, आणि विधवेनं नाक दाबून ते खिडकीतून खाली मांजरांना टाकलं. मांजरं जवळ जाऊन परत फिरली.

"तुझे दोन हजार कुठायत?" जिनेतनं विचारलं.

"आहेत पट्ट्यात."

"मग खर्च कर की."

"हो, हो. घाई काय आहे?"

ती एकटीच आइस्क्रीम खात हिंडायची आणि हा दोन पावलं मागे, सावली शोधत. शेवटी समुद्रकाठच्या एका बाकावर त्याचा धीर सुटला.

"जिनेत, थोडे पैसे दे ना."

"किती?"

"थोडेच."

"कशाला हवेत?"

यात टोमणा नव्हता, हे त्याला तिच्या तोंडाकडे पाहून कळलं. त्यांच्या घरात पैसे मागण्याची रीतच ही होती. दुसरी तिला ठाऊक नव्हती.

"कॉफी," तो पुटपुटला.

"कॉफी सकाळी झाली की तुझी."

मग तिनं दिले. पण कॉफी पिऊन झाल्यावर उरलेली चिल्लर परत मागितली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोनाल इस्कियाहून बोटीनं आला, स्टेशनाजवळच्या खोल्यांत चौकशी करत. पांढरी टोपी, पांढरे बूट, चेहरा टोमॅटोसारखा. जिनेत गच्चीवर विधवेला मटार सोलायला मदत करत होती, आर्मां शेजारी बसून शेंगा खात होता. बोनाल थेट त्याच्यापाशी आला.

"आणलेत ना? हॉटेलवाल्यानं बिल पुढे केलंय. बायकोला तिथे ठेवून आलोय, तारण म्हणून म्हटलंत तरी चालेल."

आर्मांनं उठून त्याला बाजूला न्यायचा प्रयत्न केला, पण गच्चीला बाजूच नव्हती. त्यानं पट्टा सोडला आणि थप्पी दिली. बोनालनं मोजली.

"हे निम्मेच आहेत. मादामच्या पुस्तिकेचे?"

जिनेतच्या हातातली शेंग तशीच राहिली. "माझ्या पुस्तिकेचे काय, मेत्र?"

बोनालनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आर्मांकडे, आणि आयुष्यभर भांडणाऱ्या वारसदारांमध्ये बसलेल्या त्या माणसाला परिस्थिती लगेच समजली. "यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

"नाही. तुम्ही सांगा."

त्यानं सांगितलं. तिकिटं, तीनशे-तीनशे, दुसऱ्या वर्गातला फरक, सगळं. आर्मां दूरवरच्या डोंगराकडे बघत राहिला. डोंगर छान होता.

"म्हणजे इथवर आम्हाला तुम्ही आणलंत," जिनेत बोनालला म्हणाली. "आभारी आहे."

"तसं नाही, मादाम..."

"आणि माझे तीनशे?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"ओरियाकला आहेत," आर्मां म्हणाला. "सुरक्षित."

"असू दे. तुझे दोन हजार तू विकलेस, ते यांना देऊन टाकलेस, छान झालं. माझे मी विकलेले नाहीत."

बोनाल विनवण्या करायला लागला. हॉटेलचा मालक, बायकोचे गुडघे, गावातली अब्रू. जिनेतनं उरलेले मटार सोलून संपवले. "शेजारची खोली रिकामी आहे," ती म्हणाली. "स्वस्त आहे. बिल भागवा आणि मादामना इथे घेऊन या. चिखल इथेही आहे, स्टेशनामागे."

संध्याकाळी बोनाल मंडळी बॅगांसकट हजर झाली. मादाम बोनाल खोली पाहून बेशुद्ध पडणार अशी दोन्ही पुरुषांची खात्री होती. तिनं खोली पाहिली, पलंग दाबून पाहिला, आणि खिडकीतून खाली रस्त्यावर चाललेलं भांडण कोपर टेकवून शेवटपर्यंत ऐकलं. चौदा वर्षं ती समोरच्या बेटावर चिखलात बसून होती, आणि नेपल्स तिनं बोटीवरून तेवढं पाहिलं होतं. हॉटेल भागवून उरलेले लिरा तिनं नवऱ्याच्या हातातून काढून घेऊन आपल्या पर्समध्ये टाकले.

मग दोघी बायका फिरायला लागल्या. बोटीनं गेल्या, धुराच्या डोंगरावर जाऊन आल्या, गुडघे असूनही. पुरुष गच्चीवर पत्ते खेळत. पैसे लावायला नव्हते म्हणून मटार लावत. बाजाराच्या दिवशी आर्मांला पिशव्या धरायला बरोबर न्यायच्या. त्या दिवशी त्याला जेवण मिळे.

एकदा बोटीच्या कठड्यापाशी जिनेत कशावरून तरी मादाम बोनालच्या खांद्यावर डोकं ठेवून हसली, पोट धरून, मोठ्यानं. मागे पिशव्या घेऊन बसलेल्या आर्मांनं ते हसू ऐकलं आणि हे आधी कधी ऐकलं होतं ते आठवायला लागला. आठवेना. आपण काहीतरी जन्मभर साठवत होतो आणि ते भलत्याच खात्यात जमा होत राहिलं, असं काहीसं त्याला वाटलं. छातीत दुखल्यासारखं झालं. भूक असेल म्हणून त्यानं पिशवीतला एक पीच खाल्ला. दुखणं गेलं नाही.

रात्रीच्या गाडीची वाट बघताना, परतीच्या दिवशी, तो म्हणाला, "एवढं मनात होतं तर मला नीट विचारायचं होतंस."

"विचारत होते की," जिनेत म्हणाली. "दरवर्षी."

आर्मांनं तोंड उघडलं. फ्रँक, लिरा, तेल, मंत्री, यांच्यापैकी कुणीच मदतीला आलं नाही. त्यानं तिची बॅग उचलली. ती त्यानं डब्यापर्यंत नेली, आणि तिनं बक्षिसी दिली नाही.

ओरियाकला परतल्यावर बोनालचे दोन हजार आणि जिनेतच्या पुस्तिकेचे तीनशे परत करावे लागले. बोनालनं जिनेतच्या तिकिटाचेही पैसे मागायची गोष्ट काढली होती, पण जिनेत दुकानात उभी होती. कॅफेत दोघांपैकी कुणीही या प्रवासाबद्दल अवाक्षर काढलं नाही. गावाला एवढंच कळलं की नोटरी यंदा लवकर परतले आणि छत्रीवाल्यानं मंत्र्यांची बाजू घेणं सोडलं. डिसेंबर संपता संपता सरकारनं नियम मागे घेतला. तिजोरी भरली का, ते सरकारलाच माहीत. कॅफेत त्या दिवशी सगळ्यांना एकेक पेला फुकट मिळाला, आणि आर्मांनं दोन घेतले.

पुढच्या उन्हाळ्यात जिनेत आणि मादाम बोनाल लिस्बनला गेल्या. विचारलं नाही, कळवलं. त्याच्या पुढच्या वर्षी अथेन्स. दुकानाच्या मागच्या खोलीत दुरुस्तीसाठी पाटी लागली, आणि तिच्यावर दर लिहिलेले होते. आर्मां घरी बसायचा, आता कुठलंही सरकारी कारण नसताना, आणि कॅफेत बोनालबरोबर ऑम्लेट खायचा.

तिसऱ्या वर्षी जिनेत सेव्हिलला निघाली, तेव्हा तो तिच्या बॅगेपाशी घोटाळत राहिला.

"काय पाहिजे?"

"काही नाही. तिकिटाला किती पडतात?"

"तुझं तू काढणार असशील तर सांगते."

त्यानं काढलं. दुसऱ्या वर्गाचं, पण स्वतःच्या खिशातून. सेव्हिलमध्ये एका चौकात, कुणी न सांगता, कुणी न मागता, त्यानं दोन लिंबू आइस्क्रीम घेतली आणि एक बायकोच्या हातात ठेवलं. जिनेतनं ते खाल्लं आणि चांगलं आहे म्हणाली. एवढंच झालं. पण ओरियाकला आल्यावर आर्मां रूव्हिएर कॅफेत ते आइस्क्रीम कसं घेतलं, किती वितळलं, विकणारा काय म्हणाला, हे पुढची दोन वर्षं सांगत होता. बोनाल तर तो विषय निघाला की टोपी उचलून निघून जायचा.